चौथ्या खडकाची मोजणी

— घाबरतात? कोण, ते मासे घाबरतात? मॅडम, तुम्ही आज सकाळीच पहिल्यांदा पाण्यात उतरलात ना, म्हणून बोलताय. मागच्या साली तुमच्यासारखीच एक पोरगी आली होती, बोट चावून घेतलं तिनं, तळहाताएवढ्या माशाकडून, आणि वर येऊन रडायला लागली — मी म्हटलं, बाई, तू त्याच्या शेतात हात घातलास, तो काय आरती ओवाळणार होता? तपकिरी म्हणतो मी त्याला. तुमच्या पुस्तकात नाव वेगळं असेल, असू दे. दिसायला काही नाही, चिखलाच्या गोळ्यासारखा. पण मेलेल्या प्रवाळावर शेवाळ राखतो, नको ते पान उपटून बाहेर नेऊन टाकतो, आणि मग त्या शेवाळाला कुणी तोंड लावलं की संपलं — स्वतःच्या दहापट मासा असो, कासव असो, माणूस असो, अंगावर येतो. आणि दुसरे ते पट्टेवाले, फिकट अंग आणि काळे उभे पट्टे. एकटा पट्टेवाला आला तर तपकिरी त्याला असा पिटाळतो की बघत राहावं. भित्री जात. कळपानं आले तर गोष्ट वेगळी. पण कळपानं तर कोणीही शूर होतो, त्यात काय विशेष?

ते पोहायचे रबरी पंख काढा आधी पायातले. वाळूत पंख घालून चालतात ते बघून आमची पोरं हसतात. आणि हे मशीन कसलं, कॅमेरा? खडकाला बांधून ठेवणार आणि तो आपोआप मोजणार? बरं. मोजू दे. आम्ही डोळ्यांनी मोजलं, अकरा वर्षं. हे तुमच्या हातातले कागद कुठले आहेत मग? बघू. — हं. इट्टीचेरिया सरांची ट्रंक तुमच्याकडे आली म्हणा. सर गेले ते कळलं होतं मला, पोस्टमास्तरनं सांगितलं. चांगला माणूस होता असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. मी त्यांना पाण्यात बघितलंय, सहा मिनिटं झाली की हात वर. मोजायचं आम्ही, टोपी घालून होडीत बसायचे ते, आणि संध्याकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात बसून आमच्या पाट्यांवरून कागद भरायचे. बारा खडक. प्रत्येक खडकापाशी तोंडात नळी धरून दहा मिनिटं पाण्यात निपचित राहायचं, कुणी कुणाला पळवलं ते पाटीवर टिंब टिंब करत लिहायचं. सोपं वाटतं ना? दहा मिनिटं निपचित राहून दाखवा उद्या. तुम्ही नाक खाजवाल.

ह्या आगत्ती बेटावर तेव्हा दुसरा माणूसच नव्हता हे काम करणारा. प्रवाळाच्या बाहेरच्या कडेपासून आतल्या पाण्यापर्यंतचा प्रत्येक खडक मला माहीत, कुठल्या फटीत कोण राहतो तेसुद्धा. सरांनी विचारलं, आट्टकोया, आणखी एक माणूस लागेल. मी मुत्तुकोयाला आणलं. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मीच आणलं, मीच शिकवलं — श्वास कसा राखायचा, सावली खडकावर पडू द्यायची नाही, नजर फिरवायची तर मान न हलवता. आणि शिकायला काय संथ. पाटी पाच वेळा पुसायचा. एकदा वर येऊन सगळ्यांसमोर सरांना विचारतो, सर, तपकिरी अर्ध्यापर्यंत पळवून परत फिरला तर ते पळवलं म्हणायचं की नाही? सर विचारात पडले. मी म्हटलं, अरे, अर्धा पळाला म्हणजे पळालाच की. पण नाही, ह्यानं पाटीवर तिसरा रकाना आखला, अर्धवट पळवलेल्यांचा. असा माणूस. ते बघा ना कागदावर, तिसरा रकाना दिसतोय? तो त्याचा. माझ्या कागदाला दोनच आहेत.

काय? मोठ्यानं बोला, वारा आहे. — हो, मी आणि मुत्तुकोया एकाच घरात. म्हणजे घर त्या भावंडांचं. आमच्याकडे नवरा दिवसभर आपल्या आईच्या घरी, संध्याकाळ झाली की बायकोच्या घरी जातो, जेवतो, राहतो, सकाळी परत. तुमच्याकडे हसतात ह्याला. हसा. एकोणीस वर्षं मी असा गेलो. सैनाबी भात वाढायची, कुपा माशाचा तुकडा भाजून, आणि मी आणि मुत्तुकोया शेजारी बसून जेवायचो आणि माशांचंच बोलायचो. सातव्या खडकावरचा तो पर फाटलेला तपकिरी आज चार वेळा भांडला, अकराव्यावर नवा आलाय. सैनाबी म्हणायची, घरात तरी माणसांचं बोला. रम्लत, माझी मुलगी, तेव्हा लहान होती, मामाच्या मांडीवर बसून ऐकायची. मामा तिला माशांची भांडणं तोंडानं करून दाखवायचा, गाल फुगवून. मला ते असले चाळे कधी जमले नाहीत.

मग पाणी तापलं ते साल आलं. तुम्ही शाळेत असाल तेव्हा. दोन महिन्यांत सगळं प्रवाळ पांढरं पडलं आणि मेलं. मेलं की त्यावर शेवाळ येतं, आणि शेवाळ आलं की तपकिरीची चैन. बाराही खडकांवर त्यांनी शेतं मांडली. सरांनी त्यावर मोठा लेख लिहिला — आता ही जात सगळा खडक गिळणार, दुसरा कुठलाच मासा इथे टिकणार नाही. परदेशात बोलावलं त्यांना तो वाचायला. परत आले ते नवा कोट घालून, ह्या उकाड्यात. लेखाच्या शेवटी माझं नाव होतं आभाराला. एक ओळ. शाळेच्या मास्तरनं वाचून दाखवली. मुत्तुकोयाचंही होतं, माझ्यानंतर.

त्याच्या पुढच्या सालापासून ह्या दोन कागदांचं भांडण सुरू झालं. हा चौथा खडक. सोमवारी मुत्तुकोया मोजायचा, गुरुवारी मी. आपापली होडी घेऊन जायचं, एकेकट्यानं. माझा कागद बघा — तपकिरीनं पळवलेले सोळा, अठरा, पंधरा. आणि त्याचा बघा. पट्टेवाले चाळीस-पन्नासच्या कळपानं उतरले, तपकिरी दोन मिनिटं झुंजला, मग फटीत शिरला, शेत सफाचट. पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी लिहितो, तपकिरी दिसला नाही. तोच खडक, तोच आठवडा, मध्ये तीन दिवस. आता ह्यातलं एक खरं आणि एक खोटं, हो की नाही? दोन्ही खरं कसं असेल?

सरांनाही तोच प्रश्न पडला. आणि त्याच सुमाराला वरून त्यांना कळवलं होतं की पुढच्या सालापासून दोन माणसं ठेवता येणार नाहीत, एकच. म्हणून एका रविवारी दोघांना बोलावलं व्हरांड्यात. कागद टेबलावर मांडलेले, वर शिंपला ठेवलेला, उडू नयेत म्हणून. मुत्तुकोयाला विचारलं, हे तू कसं लिहिलंस? त्यानं शिंपला उचलून दोन्ही कागद शेजारी लावले. त्याला बोलायला वेळ लागतोच. मग म्हणाला,

“सर, मी पाहिलं ते लिहिलं.”

बस, एवढंच. बाजू मांडायची अक्कल नाही, आवाज नाही. मग सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं,

“सर, हा पाण्यात उतरतच नाही. होडीत बसून, तळाला काच लावलेल्या डब्यातून बघतो आणि लिहितो. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

मुत्तुकोयानं माझ्याकडे बघितलं. रागावला असेल असं वाटलं मला, पण नाही, रागावला नव्हता. नुसता बघत होता, पाण्याखाली बघतो तसा. सरांनी थोडा वेळ वाट बघितली आणि त्याला जायला सांगितलं. त्यांना तरी दुसरं काय हवं होतं, मॅडम? त्यांचा लेख छापून आला होता, आणि त्या लेखाला जुळणारा कागद माझा होता. शिकलेला माणूस. दोघांना घेऊन एकदा त्या खडकापर्यंत जायचं, वीस मिनिटांचं काम. गेले नाहीत. टोपी शोधायला कंटाळा आला असेल.

तर संपलं ते. तुम्ही मला विचारायला आलात की कुठले कागद धरायचे, तर माझे धरा. सही पाहिजे तर सही देतो.

— काय म्हणालात? आज सकाळी? चौथ्या खडकावर तुम्हाला फक्त पट्टेवाले दिसले? एक तासात तपकिरी एकही नाही? मॅडम, तासभर बघून काय कळतं. आता दिवस बदललेत, तेव्हाची गोष्ट वेगळी. आणि बघायचंही एक तंत्र असतं. तुम्ही खाली गेलात आणि थांबलात म्हणून दिसले. होडीतून बघाल तर पट्टेवाला दिसणारच नाही तुम्हाला. होडीची सावली पडली की अख्खा कळप वळतो आणि कडेच्या पलीकडे जातो, सावली हलेपर्यंत परत येत नाही. तपकिरी मात्र जागा सोडत नाही, असला तर. फटीत दडून बसलेला असतो ना, कळप गेला की बाहेर येतो, आणि मागं राहिलेल्या एखाद्या चुकार पट्टेवाल्याच्या मागे लागतो, शौर्य दाखवत. डब्याच्या काचेतून तुम्हाला तेवढंच दिसतं. तपकिरी पळवतोय, तपकिरी पळवतोय, तपकिरी पळवतोय — पंधरा, सोळा, अठरा —

नाही. म्हणजे कुणी तसं बघितलं तर, म्हणतो मी.

असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही पण मुत्तुकोयासारख्याच बघता.

ठीक आहे. कान. डावा. ह्या कागदांच्या भांडणाआधी एकदा नांगर अडकला होता खाली, बाहेरच्या कडेला, एवढ्या खोल एका दमात जायला नको होतं, पण नांगर नवा होता आणि मी आट्टकोया होतो. आत काहीतरी फाटलं, कागद फाटतो तसं, आणि गरम पाणी आत शिरल्यासारखं झालं. होडीत आलो तर वर-खाली कळेना. दवाखान्यातला डॉक्टर भला होता बिचारा, म्हणाला, आट्टकोया, आता डोकं पाण्याखाली घालायचं नाही, कधीच नाही. मी म्हटलं बरं. कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. काय सांगणार? की आजपासून मी काठावर बसून जाळी शिवतो, आणि खडक मुत्तुकोयाचे? पाटी पाच वेळा पुसणाऱ्याचे? ज्याला मी नाकात पाणी जाऊ नये म्हणून काय करायचं ते शिकवलं, त्याचे? दर गुरुवारी होडी घेऊन जायचो, डबा पाण्यावर धरायचो, बघायचो, लिहायचो. मी मनानं आकडे रचले नाहीत हो. जे दिसलं ते लिहिलं. मीही पाहिलं तेच लिहिलं.

व्हरांड्यातलं ते बोलणं दुसऱ्या दिवशी बेटभर झालं. इथे दुसरं काय असतं बोलायला. पोरं मुत्तुकोयाला हाक मारायला लागली, ए होडीतल्या, काय दिसलं रे. मशिदीच्या पायरीवर मोठी माणसंही हसायची. कुणाचं नारळाचं काम असलं तर त्याला बोलवायचे नाहीत, म्हणायचे, हा झाडाखाली उभा राहूनच नारळ मोजेल. मी एकदाही म्हटलं नाही की अरे, पुरे. म्हणायचं मनात यायचं. व्हरांड्यातल्या त्या रविवारी संध्याकाळी मी नेहमीसारखा बायकोच्या घरी गेलो. जाणार नाही तर काय. सैनाबीनं ताट वाढलं, मुत्तुकोया येऊन शेजारी बसला, आम्ही जेवलो. ना तो बोलला ना मी. असे पंधरा-वीस दिवस. मग जहाज आलं आणि तो पलीकडे किनाऱ्यावर बेपूरला निघून गेला, लाकडी जहाजं बांधतात तिथे कामाला. धक्क्यावर त्याला सोडायला रम्लत गेली होती. मी नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सैनाबीनं माझी चटई आणि उशी माझ्या आईच्या घरी पाठवून दिली. उशीचा अभ्रा धुतलेला, इस्त्री केलेला. शेजारच्या बाईच्या हाती, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. निरोप काही नाही, आमच्याकडे ह्याचा अर्थ एकच, परत येऊ नकोस. आईनं उशी घेतली, मला विचारलं, काय केलंस? मी म्हटलं, काही नाही, बायकांची डोकी. एकोणीस वर्षं, मॅडम. आणि मला एक प्रश्नही विचारला नाही सैनाबीनं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलोय. सांगितलं नसतं. मी स्वतःला चांगला ओळखतो, मला फार किंमत नाही त्या माणसाची.

पाण्यात? गेलो ना, एकदा गेलो. दोन पावसाळे गेल्यावर सरांना फोटो हवे झाले. म्हणाले, आट्टकोया, तुझ्या त्या चौथ्या खडकाचे तपकिरी, जवळून. कानात मेण भरलं, वर कापूस, वर फडकं बांधलं आणि उतरलो. पहिल्यांदा इतक्या काळानं. — खाली तपकिरी नव्हतेच. पट्टेवाले होते, शंभर असतील, मान खाली घालून शांतपणे शेवाळ खात होते. भांडण नाही, पळापळ नाही. एका फटीत एक तपकिरी होता, म्हातारा, शेपटी कुरतडलेली. तो माझ्याकडे धावून आला. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. दोनदा आला, हातावर टोचलं, आणि परत फटीत. मी तिथे किती वेळ राहिलो माहीत नाही. वर आलो तेव्हा फडकं लाल झालं होतं. होडीत पडून राहिलो, उलटी झाली. मग उठून पाटी घेतली आणि लिहिलं — तपकिरीनं पळवलेले, सतरा.

हो, ते मात्र रचून लिहिलं. तो एक कागद. तारीख शोधा, सापडेल तुम्हाला. फोटोचं काय? कॅमेऱ्यात पाणी गेलं म्हणून सांगितलं. गेलं नव्हतं, मी घातलं. मग पुढची तीन सालं, सरांचं काम संपेपर्यंत, दर गुरुवारी होडी, डबा, पाटी. सरांनी आणखी दोन लेख लिहिले. त्यातही माझे आभार आहेत. एकट्याचे.

मुत्तुकोया सात वर्षांनी आला, रम्लतच्या लग्नाला. तिचा मामा तो, मामाशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. सगळं त्यानं केलं — मांडव, पाहुणे, भात, नवऱ्याकडच्यांचा मान. बाप कोण? बाप पाहुणा. मी कडेला बसलो होतो, नवा सदरा घालून, दुसऱ्या गावच्या माणसासारखा. तो पाणी विचारत विचारत माझ्यापर्यंत आला. केस पांढरे झाले होते, हाताला जहाजाच्या तेलाचा वास. मला वाटलं, आता इथे, सगळ्यांसमोर. मी तयार होऊन बसलो. त्यानं सलाम केला. मग वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला आणि हळूच विचारलं,

“कान कसा आहे?”

कळलं का तुम्हाला, मॅडम? त्याला माहीत होतं. आणि तेव्हा मला आठवलं — नांगराच्या त्या आठवड्यापासून जेवताना तो माझ्या डावीकडे बसायचा बंद झाला होता. उजवीकडे, चांगल्या कानाशी बसायला लागला होता. मला वाटायचं, वाऱ्यासाठी. म्हणजे व्हरांड्यातही त्याला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं, सर, ह्याचा कान फुटलाय, हा पाण्यात जाऊच शकत नाही, डॉक्टरला विचारा. एक वाक्य. काम त्याचं राहिलं असतं, नाव राहिलं असतं, बेट सोडायला लागलं नसतं. नाही बोलला. बहिणीचा नवरा म्हणून? माझं हसं होईल म्हणून? मूर्ख माणूस. तपकिरी तरी बरा, धावून येतो, चावतो, कळतं तरी की आपण कुणाच्या वाटेला गेलो. हा काहीच करत नाही. अशा माणसाचं करायचं काय? त्याच्यावर रागावताही येत नाही धड. मी म्हटलं, कान ठीक आहे. तो म्हणाला, बरं झालं. आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढच्या पाहुण्याकडे गेला.

माफी? तुम्ही लहान आहात, मॅडम. माफी मागायची म्हणजे त्याच्या दारात जायचं, ते दार सैनाबीचं. आणि तो लगेच म्हणणार, असू दे, झालं ते झालं. मला ते ऐकायचं नाही. त्याच्या तोंडून तर मुळीच नाही.

परत आलाय तो, हो, दोन वर्षं झाली, बेपूर सोडून. मशिदीच्या मागं होड्या दुरुस्त करतो. घर कुणालाही विचारा. चौथ्या खडकाचं, सातव्याचं, बाराव्याचं, जे विचारायचं ते त्याला विचारा, तिसऱ्या रकान्यासकट सांगेल, वेळ लावेल फक्त. मी पाठवलं म्हणून सांगू नका.

हे माझे कागद इथे नका ठेवू, घेऊन जा. — लिहिताय काय तुम्ही? सगळं लिहून घेतलंत? द्या ती वही. नाही? बरं, राहू दे. लिहा. सतरा नव्हते, शून्य होते, तेवढं नीट लिहा.

आता उठा. माझ्या जाळ्यावर बसलायत तुम्ही.